दोन मोळ खाली

शिवलीला माझी थोरली जाऊ. जावेनं जावेबद्दल चांगलं लिहिलं की लोकांना आधी संशय येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. आमची भांडणं झालेली आहेत, भरपूर झालेली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत चूक तिची होती. उरलेल्या निम्म्यांविषयी मी बोलणार नाही. पण १९९६ सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी तिनं जे केलं, ते मी लिहिलं नाही तर आमच्याकडे कुणीच लिहिणार नाही. आमच्या घरातल्या पुरुषांचं लेखन सहीपुरतं असतं.

सासरची मंडळी मूळची निपाणीकडची. बोलायला मराठीत सुरुवात करायची, मधेच कानडीत शिरायचं आणि कुठून तरी परत मराठीत बाहेर पडायचं, अशी या घराची भाषा. मी साताऱ्याची. १९७२ साली लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मला कानडीतला एकच शब्द येत होता, 'ऊटा', म्हणजे जेवण, आणि तोही भूक लागली म्हणून शिकले होते. शिवलीलाला सगळे अक्का म्हणत. मीही म्हणू लागले.

अक्का माझ्याआधी सात वर्षं या घरात आली आणि आल्या आल्या टेलिफोनच्या कारखान्यात कामाला लागली. काम कॉइल गुंडाळायचं. फोनच्या रिसीव्हरमध्ये बारीक तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. तिचे वेढे शेकड्यांनी, आणि थोडे कमीजास्त झाले तरी तपासणीत माल परत. ती गुंडाळायला बायका रांगेनं बसायच्या, आणि पुढे त्या रांगेची तपासनीसही अक्काच झाली. आमचे सासरे, आप्पाजी, यांना मात्र सुनेनं कारखान्याच्या बसमध्ये चढणं अजिबात मंजूर नव्हतं. "घरात चूल हाय की," एवढंच ते म्हणाले. अक्का दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढली. त्या दिवसापासून आप्पाजी तिच्याशी थेट बोलले नाहीत. समोर बसलेली असली तरी, "तिला सांगा, मीठ कमी हाय," असं आमच्याकडे बघून म्हणायचे. १९७९ साली ते गेले. चौदा वर्षं एका घरात राहून त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही, आणि तिनं चौदा वर्षं त्यांच्या धोतराच्या घड्या घातल्या. मी असते तर घडीत काहीतरी घालून ठेवलं असतं.

कारखान्यात प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. फाटकावरच्या फळीवर तो अडकवला की हजेरी लागायची. अक्काचा नंबर ४१७. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो बिल्ला घरातून हरवला. तिला अर्धा दिवस फाटकाबाहेर उभं केलं, माफीचं पत्र लिहून घेतलं आणि नवा बिल्ला दिला, त्यावर ४१७ अ. पुढे सव्वीस वर्षं ती कारखान्यात 'चारशे सतरा अ' होती. 'अ म्हणजे अजागळ' असं चिडवणारेही होते. अक्का हसायची, पण ते तिला लागलेलं होतं हे मला ठाऊक आहे. "माझ्या हातनं आयुष्यात एकच वस्तू हरवली," असं ती कधी कधी आपणहून म्हणायची, कुणी काही विचारलेलं नसताना.

१९९३ मध्ये नवी यंत्रं आली, हातानं वेढे घालणाऱ्या बायकांची गरज संपली आणि अक्कानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. थोरले दीर त्याआधीच वारले होते. सगळ्यांना वाटलं, आता ही देवळात जाऊन बसेल. हिनं आमच्या जयनगरच्या घरामागे, पूर्वेच्या अंगाला, कौलारू खोली बांधली आणि जळालेल्या मोटारी गुंडाळून द्यायला सुरुवात केली. पंप, पंखे, मिक्सर. बनशंकरीपासून लोक पिशवीत मोटार घालून यायचे. ती आत बसून कानडीत वेढे मोजायची, आणि त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही हा नियम होता. एकदा विसरून मी दारातून विचारलं, "अक्का, भात टाकू का?" ती पाऊण तासानं म्हणाली, "टाक."

ती खोली हेच तिचं सगळं काही झालं होतं, आणि तीच जायची वेळ आली.

शेजारी मंजुनाथ म्हणून गृहस्थ. माणूस वाईट नाही, हे मी त्या वेळी म्हणत नव्हते, आता म्हणते. त्यांनी जुनं घर पाडून मुलांसाठी तीन मजली बांधायला काढलं. साइट, म्हणजे प्लॉट, मोजून घेतली तर आमच्या बाजूची चार फूट पट्टी त्यांची निघाली. आम्ही आमचा मोजणीवाला आणला, तर ती आमची निघाली. रस्त्याच्या एका टोकाकडून मोजलं की एक उत्तर, दुसऱ्या टोकाकडून मोजलं की दुसरं. कोपऱ्यावरचा मूळ दगड कधीच गटाराच्या खोदाईत गेलेला. पट्टी त्यांची ठरली तर अक्काच्या खोलीच्या बरोबर मधून त्यांची भिंत जाणार होती. माझे यजमान, सूर्यकांत, म्हणाले, "कोर्टात जाऊ." अक्का म्हणाली, "मी आता चोपन्न वर्षांची हाय. निकाल लागेपर्यंत खोलीत कोण बसणार?"

तेव्हा मी तोंड उघडलं. मला एक गोष्ट माहीत होती, जी घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती, आणि त्याचा मला चोवीस वर्षं अभिमान होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणजे आता वादात असलेल्या पट्टीतच, भाताचं गरम पाणी ओतायला निघाले होते. आप्पाजी ओरडले, "तिथं ओतू नकोस! एरडु मोळ, खाली कलश हाय." घराच्या भूमिपूजनात, १९६६ साली, त्यांनी स्वतः, घरात कुणालाही जागा न दाखवता, तांब्याच्या कलशात नाणी घालून तो तिथे पुरला होता. 'एरडु' म्हणजे दोन, हे कळत होतं. 'मोळ' कळलं नाही, आणि सासऱ्यांना विचारायची हिंमत नव्हती. पंधरा दिवसांनी फोटो टांगायला खिळे आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मोळे?" झालं, मला अर्थ लागला. दोन खिळे, आणि त्यांच्याखाली कलश. आप्पाजींनी खुणेसाठी दोन खिळे ठोकून ठेवलेत, असं मी धरून चालले.

दोन खिळे आणि खाली कलश, असं मी मराठीत सांगितल्यावर अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "तुला सांगितलं त्यांनी?" एवढंच म्हणाली. मग उठून मंजुनाथांकडे गेली.

मंजुनाथ वास्तू मानणारे, देवभोळे. ते म्हणाले, "शिवलीलम्मा, तुमचा कलश त्या पट्टीत निघाला तर जागा तुमची. दुसऱ्याच्या पूजेवर मी भिंत उभी करणार नाही. सरी, ठरलं? पण दोन आठवड्यांनी सोमवारी माझे खांब सुरू होतात. आणि खड्डा एकच. माझी जुनी भिंत तिथं टेकलेली आहे, कोपरा सगळा उकरलात तर ती तुमच्याच अंगावर येईल." म्हणजे त्याच्या आदल्या रविवारपर्यंतची मुदत, आणि एकच खड्डा. चुकला तर खोली गेली.

ही बोलणी पंधरा दिवस आधीची. त्या पंधरा दिवसांत अक्कानं मोटारींचं काम बंद ठेवलं आणि आत काहीतरी ठोकाठोक सुरू केली. आम्ही इकडे यंत्रं शोधायला लागलो.

पहिलं यंत्र वरच्या मजल्यावर सापडलं. तिथे आमचा भाडेकरू अवधूत राहायचा. मूळचा पुण्याचा, कोरमंगलाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आठ महिने अमेरिकेला जाऊन आला होता आणि तिथून येताना लोक टीव्ही आणतात तसा हा मेटल डिटेक्टर घेऊन आला होता. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, वर काटा आणि आकडे. "काकू, हा टॉप मॉडेल आहे," तो म्हणाला. "डिस्क्रिमिनेशन आहे याच्यात. लोखंड असेल तर गप्प बसतो, कॉइन असेल तर लगेच सांगतो. तिकडे बीचवर मी एकाच दिवसात अकरा क्वार्टर, म्हणजे तिकडची पंचवीस सेंटची नाणी, काढली."

दुसरं यंत्र उपेंद्रचं. उपेंद्र बेळगावचा, जमिनीखाली हरवलेले पाण्याचे पाइप शोधून देणारा. त्याच्याकडे हातभर लांबीची पिवळी कांडी होती. बुजलेल्या व्हॉल्व्हचं झाकण ती चार फुटांवरून ओळखायची, अशी त्याची ख्याती.

तिसरं यंत्र अक्कानं शनिवारी सकाळी खोलीतून बाहेर काढलं आणि अवधूतला हसू आवरेना. तीन फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट, तिच्या कडेनं तांब्याची तार. चौकटीत एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे आणि फेविकॉलचे. एका डब्यात सर्किट, ते कुठल्याशा मासिकात बघून केलेलं. खाली स्कूटरची बॅटरी. आणि ऐकायला काय, तर जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर. चौकट उचलायला दोन माणसं लागायची.

"अक्का, ही चारपाई कुठे घालायची?" अवधूतनं विचारलं.

"आधी तपास, मग पास," अक्का म्हणाली. हे कारखान्यातलं वाक्य. तिथे कुठलाही माल आधी तपासणीच्या टेबलावर यायचा, मग तो जर्मनीचा असो नाहीतर शेजारच्या बाईनं गुंडाळलेला असो. "कोपऱ्यात कुणी पाय ठेवायचा न्हाई. आज तिन्ही यंत्रं पुढच्या अंगणात तपासायची. माती तीच हाय."

ती तपासणी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिनं आधी माझ्याकडून एक रुपयाचं जुनं नाणं घेतलं आणि वीतभर खोल पुरलं. अवधूतचं यंत्र वरून गेलं आणि गोड आवाजात बोललं, आकडाही बरोबर दाखवला. उपेंद्रची कांडी गप्प. उपेंद्र म्हणाला, "हे लोखंडाचंच यंत्र अक्का. तांबं, चांदी, याला काही कळत न्हाई." अक्काची चौकटही गप्प. अवधूतनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मी नुसती बघत राहिले, कारण मलाही तेच वाटत होतं.

मग नाणं दीड वितीवर. अवधूतचं यंत्र कुरकुरलं, आकडा नाचायला लागला. दोन वितींवर तेही गप्प झालं. बंगळूरची लाल माती स्वतःच लोखंडाची असते, खाली गेलं की तीच बोलायला लागते आणि नाण्याचा आवाज तिच्यात बुडतो, असं अक्कानं समजावून सांगितलं. अवधूत म्हणाला, "हो, मॅन्युअलमध्ये दिलंय." तर मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारणार होते.

शेवटी तिनं देवघरातला तांब्या मागून घेतला, त्यात मूठभर चिल्लर घातली आणि उपेंद्रला तीन फूट खोल खड्डा काढायला लावला. माती लोटून वरून तुडवली. अवधूतचं यंत्र गप्प. पिवळी कांडी गप्प. अक्कानं घरातला मेन स्विच बंद करवला, मला बांगड्या काढायला लावल्या, अवधूतला पट्टा काढायला लावला. रिसीव्हर कानाला लावून ती चौकटीचा एक दांडा धरून चालली, दुसरा मी धरला. खड्ड्यावर आलो आणि तिनं रिसीव्हर काढून अवधूतच्या कानाला लावला. आतली टिकटिक घाईवर आली होती. चौकट बाजूला नेली की सावकाश, परत आणली की घाई.

अवधूतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "पण एवढ्या जवळचं नाणं मग याला का नाही कळलं?"

"तारेतून झटका सोडायचा, बंद करायचा आणि जमीन काय परत बोलतीय ते ऐकायचं," अक्का म्हणाली. "वेटोळं मोठं केलं की खोल जातंय, पण बारीक वस्तू त्याला दिसत न्हाई. तुझ्याचं उलट हाय. तुझं वाईट न्हाई बाळा, त्याचं काम वेगळं हाय."

मला त्या वेळी एवढा अभिमान वाटला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच चहा टाकला.

रविवारी सकाळी सगळे कोपऱ्यात जमलो. मंजुनाथ भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसले. आधी कोण, यावर चर्चाच नव्हती. खिळे शोधायचे तर लोखंडाचं यंत्र, म्हणजे उपेंद्रची कांडी. आणि खरंच, भिंतीपासून हातभर अंतरावर कांडी ओरडली. थोडं सरकवल्यावर परत ओरडली. दोन आवाज, शेजारी शेजारी.

"एरडु मोळे!" मी जवळजवळ नाचले. "बघा, मी सांगत नव्हते?"

अक्कानं चौकट त्या जागेवर आणली. रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ उभी राहिली. मान हलवली. मग मला म्हणाली, "चल, पुढं." आम्ही चौकट घेऊन सगळा कोपरा फिरलो. त्याच पट्टीत चार पावलांवर कढीपत्त्याचं झाड होतं, त्याच्या बुडाशी ती थांबली. पुढे गेली, मागे आली, परत थांबली. "हितं काहीतरी हाय. मोठं हाय."

आता दोन जागा झाल्या, आणि खड्डा एकच.

मी चिडले. मी म्हणाले, "अक्का, यंत्र तुझं चांगलंच आहे, पण आप्पाजींनी मला स्वतः सांगितलंय. दोन खिळे, खाली कलश. खिळे तिथे आहेत. तू झाडाखाली उकरून बसशील, तिथे जुनी बादली निघेल आणि खोली हातची जाईल." उपेंद्रनं मान डोलावली. सूर्यकांतांनी, सही करायची नसल्यामुळे, काही मत दिलं नाही.

मला वाटलं होतं, ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं रिसीव्हर चौकटीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलं श्यामला. माझ्याशी ते बोललेच न्हाईत. तू म्हणतीस तिथंच उकरूया." आणि पहार उचलून ती माझ्या जागेकडे, खिळ्यांकडे, चालायला लागली. आयुष्यभर जिनं तपासल्याशिवाय एक वेढा पास केला नाही, ती माझ्या एका वाक्यावर आपली खोली पणाला लावत होती.

तेवढ्यात दारात यल्लव्वा आली. यल्लव्वा आमची फुलवाली, रोज दहाला टोपली घेऊन येते. "हूवु!" तिनं हाक दिली. रागाच्या भरात मी तिकडे वळून ओरडले, रोज सांगते तेच, "एरडु मोळ कोडी!"

पहार जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"काय म्हटलीस?" अक्कानं विचारलं.

"फुलं घेतेय. दोन हात फुलं."

"तसं न्हाई. कानडीत काय म्हटलीस?"

"एरडु मोळ," मी म्हणाले, आणि यल्लव्वाकडे बघितलं. ती मोगऱ्याची माळ कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणून मोजत होती. एक मोळ. परत कोपराशी धरून, दुसरा मोळ. चोवीस वर्षं ती माझ्यासमोर हे करत होती. चोवीस वर्षं मी रोज हा शब्द बोलत होते, केसात माळत होते, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की आप्पाजी खिळ्यांबद्दल बोलतच नव्हते. एरडु मोळ खाली. दोन हात खोल. बस.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथे खड्डा एकच मंजूर होता. अक्का हसली नाही. हेच मी तिच्या जागी असते तर पुढची वीस वर्षं प्रत्येक सणाला हा किस्सा सांगितला असता. ती फक्त म्हणाली, "उपेंद्रा, झाडाखाली."

उपेंद्र आणि अवधूत आळीपाळीनं खणत होते. लाल माती, मग विटांचे तुकडे, मग परत माती. मी खड्ड्यात हात घालून मोजत होते. एक मोळ. दीड. माझ्या कोपरापासून बोटापर्यंत बरोबर दोन मोळ झाले आणि तळाला काहीच नव्हतं. उपेंद्रनं घाम पुसला. मंजुनाथ खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी मान्य करते.

"झालं की दोन मोळ," उपेंद्र म्हणाला.

"कुणाचे?" अक्कानं विचारलं. "हिचे. ही पाच फुटांची पण न्हाई. आप्पाजी सहा फूट उंच होते. त्यांचा हात धर. अजून एक वीत."

सासऱ्यांच्या हाताची लांबी तिला ठाऊक होती. चौदा वर्षं त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना तीच इस्त्री करत होती.

वीतभर खाली पहार मऊ आवाजात अडकली. अक्का स्वतः खड्ड्यात उतरली, हातानं माती बाजूला केली आणि हिरवा पडलेला कलश वर आणला. तोंडाला लाखेनं बसवलेली तांब्याची वाटी. मंजुनाथांनी भिंतीपलीकडून दोन्ही हात जोडले. "सरी, शिवलीलम्मा," ते म्हणाले. "भिंत मी मागं घेतो." एवढ्यावर तो वाद मिटला. खोली राहिली. कांडी ओरडली ते लोखंड कसलं होतं, ते आजवर कुणी उकरून पाहिलेलं नाही. मी मोठ्यानं रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नारळ फोडल्यावर आम्ही वाटी उघडली. आत एक चांदीचा रुपया, पाचसहा भोकाचे पैसे, आणे, नव्या पैशांतली काही नाणी, हळकुंडाची काळी भुकटी. आणि तळाशी एक गोल पितळी चकती. अक्कानं ती पदरानं पुसली.

४१७.

मी आकडा दोनदा वाचला. अवधूतला कळलं नाही, त्याला मी नंतर सांगितलं. भूमिपूजनात घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं काहीतरी कलशात घालायची आप्पाजींची रीत होती. आणि १९६६ साली घरात महिन्याचा पगार घेऊन येणारं पहिलं माणूस ही थोरली सून होती. जिच्याशी ते बोलत नव्हते. तोंडानं सांगायचं नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यानं तिचा बिल्लाच उचलला आणि आपल्या लांब हातानं दोन मोळ खाली नेऊन ठेवला. तिला फाटकाबाहेर उभं राहावं लागलं, पत्र लिहावं लागलं, नंबरापुढे अ लागला, तरी कबूल केलं नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

"माझ्या हातनं हरवला न्हवता," अक्का म्हणाली. मग परत, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "श्यामला, माझ्या हातनं हरवला न्हवता."

"नव्हता गं," मी म्हणाले. "हे घर तुझ्या नंबरावर उभं आहे."

अवधूत म्हणाला, "अक्का, फ्रेम करून लावा ना हॉलमध्ये." सूर्यकांतांनाही ते पटलं. अक्कानं बिल्ला तळहातावर धरला, दोनदा उलटून पाहिला आणि परत कलशात टाकला.

"नको. तीस वर्षं हजेरी लागलीय. आता काढला तर गैरहजेरी पडेल." मग माझ्याकडे वळली. "तुझं काय घालतीस?"

मी कमावती नव्हते. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "कालचा रुपया कुठं हाय? तिन्ही यंत्रं तपासली त्यानं." मी अंगणातून उकरून आणलेला रुपया पदराच्या गाठीत होता. मी तो कलशात टाकला. यल्लव्वाची माळ कलशाच्या गळ्यात घातली, वाटी नव्यानं बसवली.

उपेंद्र खड्ड्याशी पहार धरून उभा होता. खड्डा आता खोल झाला होता, आधी थोडी माती लोटावी लागणार होती. अक्कानं विचारलं, "किती खाली ठेवायचा?"

मी परत चढवलेल्या बांगड्या मागे सारल्या, खड्ड्याशी गुडघे टेकले आणि काठापासून खाली हात लावला. कोपर ते बोट, एकदा. कोपर ते बोट, दुसऱ्यांदा.

"एरडु मोळ," मी म्हणाले.

"कुणाचे?" अक्कानं विचारलं.

"माझे," मी म्हणाले, आणि तिनं कलश माझ्या हातात दिला.